उजवीकडे पोट दुखतंय: आधी सोनोग्राफी की थेट सीटी?

बेंबीभोवतीची कळ काही तासांत उजवीकडे खाली सरकली, भूक मेली, उलटी झाली, अंगात कणकण आहे, असं सांगितलं की सर्जनना आधी अपेंडिक्सचाच संशय येतो. अशा वेळी लहान मुलं, तरुण मुली आणि गरोदर बायका यांची आधी सोनोग्राफीच करावी, असं माझं ठाम मत आहे.

एकतर तिच्यात सीटीसारखे क्ष-किरण नाहीत आणि खर्चही कमी. शिवाय डॉक्टरांचा हात थेट दुखऱ्या जागेवर असतो. प्रोब (पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण) हळूहळू दाबत ते आतड्यातला गॅस बाजूला सारतात; ही पद्धत नेदरलँड्सच्या डॉ. पुलार्ट यांनी 1986 मध्ये मांडली. निरोगी अपेंडिक्स दाबलं की चपटं होतं. सुजलेलं दबत नाही, त्याची जाडी सहसा 6 मिलिमीटरच्या वर जाते, आणि प्रोब नेमका तिथे टेकला की पेशंट कळवळतो. ही खूण सीटीत मिळत नाही. मुलींच्या बाबतीत अंडाशयाची गाठ किंवा पीळही त्याच वेळी बघता येतो.

पण पोट सुटलेलं असेल, गॅस भरला असेल किंवा अपेंडिक्स आतड्यामागे दडलेलं असेल, तर ते दिसतच नाही. रिपोर्टमध्ये ‘अपेंडिक्स दिसले नाही’ असं येतं आणि घरचे ‘नॉर्मल आहे’ समजून पेशंटला घरी नेतात. हे फार धोक्याचं आहे. ‘दिसलं आणि ठीक आहे, की दिसलंच नाही?’ हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

सीटी मात्र करणाऱ्याच्या हातावर तेवढी अवलंबून नाही. अपेंडिक्स फुटलंय का, पू कुठे साठलाय, हे ती नीट दाखवते. वयस्कर माणसांत दुखण्याची इतर कारणंही बरीच असतात, तिथे मी सीटीकडेच झुकेन. सीटीसाठी कॉन्ट्रास्ट (आतले भाग ठळक दिसावेत म्हणून शिरेतून दिलं जाणारं औषध) देण्याआधी, विशेषतः मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघतात. गरोदरपणात सोनोग्राफीत उलगडा झाला नाही तर एमआरआय बरा.

नाशिक शहरात राहणाऱ्याला काही तासांनी पुन्हा तपासायला येता येतं. पेठ-सुरगाण्यासारख्या लांबच्या तालुक्यांतून आलेल्यांनी रिपोर्ट अर्धवट असताना रात्रीचं परत निघू नये. भरती होऊन देखरेखीखाली राहावं, नाहीतर त्याच दिवशी सीटीबद्दल सर्जनशी बोलावं. पोट फळीसारखं कडक झालं असेल तर तपासणी कोणती, यात वेळ न घालवता आधी सर्जनना दाखवा.