शाळेच्या चिठ्ठीपासून एलडीच्या दाखल्यापर्यंत: महाराष्ट्रातल्या तपासणी सेवेचं परीक्षण

वर्गात हुशारीने उत्तरं देणारं, पण वाचायला उभं केलं की गप्प होणारं मूल जवळपास प्रत्येक शाळेत असतं. अशा एकेका मुलासाठी शाळेने मानसशास्त्रज्ञाची मदत मागायची, तर महाराष्ट्रात त्याला सरकारमान्य वाट आहे. मुंबईत सायन, नायर, केईएम या पालिका रुग्णालयांची एलडी क्लिनिकं आहेत (एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, अध्ययन अक्षमता: बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित न जमणं), बाहेर जिल्हा रुग्णालयं आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं. या सेवेबद्दल मत आधीच सांगायचं तर, तपासणी भरवशाची आहे, शाळेकडून होणारी पाठवणी कच्ची आहे. रांगा लांब आहेत आणि माणसं कमी आहेत, हेही खरं. पण फेऱ्या वाढतात आणि वर्षं वाया जातात ती बऱ्याचदा शाळेतून निघालेल्या कागदात काहीच नसतं म्हणून, आणि ही गोष्ट शाळेच्या हातातली आहे.

दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना सवलती द्यायला महाराष्ट्राने १९९६ मध्ये सुरुवात केली, देशात सर्वांत आधी. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ही अक्षमता कायद्याच्या यादीत आली आणि ४ जानेवारी २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने मूल कसं पाठवायचं आणि कसं तपासायचं हे ठरवून दिलं. त्यातली शाळेची जबाबदारी अनेक मुख्याध्यापकांना आजही माहीत नसते. प्रत्येक शाळेत, खासगी असो वा सरकारी, मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली छाननी समिती असायला हवी. तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, वर्गशिक्षकांनी छाननी करायची. चाचणी लावण्याआधी पालकांशी बोलायचं. समितीला शंका आली तर मूल तपासणीसाठी पाठवायची जबाबदारी मुख्याध्यापकांची. ‘पालकांनी बघावं’ असं म्हणून शाळेला अंग काढून घेता येत नाही. २०२४ मध्ये केंद्राने सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यामुळे शाळेच्या कपाटातला जुना झेरॉक्स नमुना न भरता क्लिनिकमधून चालू नमुना मागवून घ्यावा.

छाननीसाठी शिक्षकांनी नवं काही शोधायची गरज नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये आणलेला ‘डाली’ हा चाचणीसंच मराठीतही आहे. त्यात पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी एक अशी शिक्षकांनीच भरायची छाननी साधनं आहेत. एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ हे अ‍ॅप सगळ्या २१ दिव्यांगत्वांची प्राथमिक छाननी करतं. पहिला भाग वर्गशिक्षक भरतात, दुसरा विशेष शिक्षक. दोन्ही साधनं चांगली आहेत, मात्र ती शंका नोंदवण्यापुरती. त्यांच्या निकालावरून मुलाला ‘एलडी आहे’ म्हणणं चूक आणि मुलावर अन्याय करणारं आहे.

जिल्हा परिषद शाळांची वाट थोडी वेगळी आहे. तिथे समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या समावेशित शिक्षण विभागाचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्रात असतात. मुख्याध्यापकांनी केंद्रप्रमुखांमार्फत त्यांना लेखी कळवायचं. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं आणि त्याच्या तपासणीच्या यादीत अध्ययन अक्षमताही आहे. पण एका दिवसात भराभर मुलं पाहणाऱ्या पथकाला वाचनातली अडचण आपोआप दिसत नाही. दात, डोळे, वजन दिसतं. म्हणून पथक येण्याआधी शंका असलेल्या मुलांची नावं, वह्यांसकट, बाजूला काढून ठेवावीत. तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणी तपासणाऱ्या जिल्ह्याच्या केंद्राची, चिठ्ठी मिळते आणि पुढची दारं लवकर उघडतात.

आता मुख्य कागद, शाळेचं पत्र. ‘सदर विद्यार्थी अभ्यासात मागे आहे, लक्ष देत नाही, तरी योग्य ती तपासणी व्हावी.’ बहुतेक पत्रं एवढ्यावर संपतात. हे वाचून तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. मागे म्हणजे कशात? वाचनात, लेखनात, गणितात, की सगळ्यात? केव्हापासून? शाळेने काय करून पाहिलं? ही माहिती मग अर्ध्या तासात मुलाच्या आईकडून गोळा करावी लागते आणि वर्गात काय होतं हे आईने पाहिलेलं नसतं.

चांगलं पत्र असं असतं, नमुना म्हणून: ‘इयत्ता चौथी, मराठी माध्यम, घरची भाषा मराठी. तिसरीच्या पुस्तकातला न पाहिलेला उतारा एक मिनिट वाचायला दिला. २२ शब्द वाचले, त्यातले ६ चुकले. “प्रकाश”चं “पकाश”, “गर्दी”चं “गदी”. तोच उतारा आम्ही वाचून दाखवल्यावर पाचपैकी पाच प्रश्नांची तोंडी उत्तरं बरोबर. फळ्यावरच्या आठ ओळी उतरवायला वर्गाला दहा मिनिटं लागतात, याला पंचवीस. तोंडी हिशेब येतो, लेखी वजाबाकीत हातचा विसरतो. हजेरी नियमित. जुलैपासून आठवड्यात तीन दिवस, वीस मिनिटं वेगळं वाचन घेतलं. अक्षरओळख सुधारली, जोडाक्षरं नाहीत.’ हे लिहायला एक तास लागतो. या तासाने मुलाच्या दोन फेऱ्या वाचतात.

यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे वाचून दाखवल्यावर समजतं का, हा. स्वतः वाचलेलं कळत नाही आणि ऐकलेलं नीट कळतं, हा फरक तपासणाऱ्याला फार काही सांगून जातो. ऐकूनही कळत नसेल तर शंका दुसरीकडे वळते, भाषेकडे, श्रवणाकडे किंवा एकूण बौद्धिक विकासाकडे. चुका लिहितानाही निवड हवी. ऱ्हस्व-दीर्घ सगळीच मुलं चुकवतात, त्याने काही सिद्ध होत नाही. मात्रा गळणं, रफार भलत्या अक्षरावर जाणं, ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांत चौथीतही गोंधळ होणं, एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिणं, हे नोंदवावं. आणि चुकांची यादी करण्यापेक्षा वहीची पानं जोडावीत, सुधारून न घेतलेली. शिक्षकांनी लाल शाईने दुरुस्त करून पुन्हा लिहून घेतलेली स्वच्छ वही तपासणीत निरुपयोगी ठरते.

हजेरी आणि भाषा यांचा उल्लेख सक्तीचा समजावा. बीडचं ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमाराला कारखान्यावर जातं आणि मूल पाच-सहा महिने शाळेत नसतं. त्याला वाचता न येणं ही अक्षमता नाही, त्याला शिकवलंच गेलेलं नाही. घरी पावरी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणारं मूल मराठीत अडखळतं तेव्हाही तेच. घरी मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर दोन्ही भाषांतलं वाचन तपासायला हवं. अडचण दोन्हीकडे दिसली तर शंका बळकट होते. हे पत्रात नसेल तर चुकीचं निदान होऊ शकतं, आणि चुकीचा शिक्का पुसायला फार वर्षं लागतात.

पत्रासोबत लागणारी कागदपत्रं नेहमीचीच आहेत: बोनाफाईड, आधार, मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, उत्तरपत्रिका, आधीच्या कुठल्याही तपासणीचे अहवाल, पालकांची लेखी संमती. प्रगतिपुस्तकांवर विसंबू नये. आठवीपर्यंतच्या श्रेणींमध्ये मुलाची अडचण लपून जाते, उत्तरपत्रिकेत ती उघडी दिसते. दुसरी किरकोळ वाटणारी गोष्ट नावाची. जनरल रजिस्टर, आधार आणि बोनाफाईडवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख अक्षरशः सारखी हवी. एका वेलांटीच्या फरकाने दाखला अडतो आणि तो दुरुस्त करणं तपासणीपेक्षा अवघड जातं.

क्लिनिकमध्ये काय होतं? आधी बालरोगतज्ज्ञ मुलाची तपासणी करतात. मग डोळे आणि कान. शहाण्या शाळा हे दोन्ही आधीच करून घ्यायला सांगतात. सर्दी असताना श्रवणचाचणी करू नये. कानात द्रव साचलेला असला की ऐकू कमी येतं, चाचणी पुन्हा करावी लागते आणि तारीख पुढे जाते. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक चाचणी घेतात. तिला दीड-दोन तास लागतात, म्हणून मूल जेवून, झोप पूर्ण करून आणि चष्मा असेल तर तो घेऊनच यायला हवं. मग विशेष शिक्षक वाचन, लेखन, गणित तपासतात, बऱ्याच ठिकाणी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचणीसंचावर. गरज पडली तर बालमानसोपचारतज्ज्ञ पाहतात. हे सगळं एका दिवसात होत नाही. चार-पाच फेऱ्या धरून चालावं आणि रोजंदारीवर जाणाऱ्या पालकांना शाळेने हे आधी स्पष्ट सांगावं. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर मुलं गळतात त्यामागे बुडालेला रोज असतो, पालकांचा निष्काळजीपणा नव्हे.

एक चूक खासगी आणि सरकारी अशी दोन्हीकडे तपासणी करणाऱ्यांकडून हटकून होते. वर्षभराच्या आत तीच बुद्ध्यांक चाचणी पुन्हा घेतली तर सरावाने गुण वाढतात आणि आकडा विश्वासाचा राहत नाही. आधी कुठली चाचणी, कोणत्या तारखेला झाली हे क्लिनिकला सांगायलाच हवं. खासगी अहवाल वाईट असतो असं नाही. काही हजार रुपयांत तो लवकर मिळतो आणि शिकवण्यासाठी अगदी उपयोगी असतो. पण खाली तपासणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेकडचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावं, आणि दहावीच्या मंडळाच्या सवलतींसाठी सरकारने नेमलेल्या रुग्णालयाचाच दाखला लागतो हे पालकांना पैसे भरण्याआधी सांगावं. शाळेचे समुपदेशक छाननीत मोठी मदत करू शकतात, दाखला देऊ शकत नाहीत.

या सेवेत एक दुखरी जागा आहे. २०१८ च्या सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यासाठी बुद्ध्यांक ८५ च्या वर लागतो. बौद्धिक अक्षमतेची रेषा साधारण ७० च्या खाली. मधल्या मुलांना दोन्हीकडून दाखला मिळत नाही, आणि वर्गात सर्वांत जास्त मदत लागते ती अनेकदा यांनाच. त्यात मालिन यांची बुद्ध्यांक चाचणी आपल्याकडे अजून सर्रास वापरली जाते. तिची प्रमाणं, म्हणजे मुलाचे गुण ज्यांच्याशी ताडून पाहतात ते आकडे, १९६९ च्या काळातली आहेत आणि जुन्या प्रमाणांवर गुण सहसा चढे येतात. म्हणून अहवालात नुसता आकडा नको. चाचणीचं नाव आणि उपचाचण्यांचे गुण मागून घ्यावेत. दाखला नाकारला गेला तरी त्या गुणांवरून मुलाला काय जमतं आणि कुठे आधार हवा ते कळतं. ‘दाखला नाही म्हणजे काही नाही’ असा अर्थ शाळेने काढला तर सगळ्या फेऱ्या फुकट गेल्या.

दाखला मिळाल्यावरही हेच घडतं. अहवालाची शेवटची दोन पानं, शिफारशींची, सहसा कुणी वाचत नाही. फाईल कार्यालयात जाते आणि वर्गशिक्षकांना फक्त ‘एलडी’ एवढं कळतं. शिफारशींची प्रत त्या मुलाला शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला द्यावी, मोकळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये. रेमेडियल, म्हणजे मुलाच्या अडचणीनुसार वेगळं शिकवणं, आठवड्यातून किमान दोन-तीनदा, तेही सलग काही महिने झालं तरच गुण येतो. फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील टिपणं, चाचणीत जादा वेळ, तोंडी उत्तरांची मुभा, हे आठवीपर्यंत शाळेला स्वतःच्या पातळीवर उद्याच सुरू करता येतं.

दाखला वयाच्या आठव्या वर्षापासून मिळतो, आणि गर्दी मात्र नववी-दहावीच्या मुलांची असते, कारण सगळ्यांची नजर सवलतींवर. त्या मोलाच्याच आहेत: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एक भाषा कमी करणं, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित. शेवटची सवलत घेण्याआधी पालकांना बसवून समजवावं. गणित सोडलं की विज्ञान आणि पदविकेची दारं बंद होऊ शकतात, आणि ज्या मुलाची अडचण फक्त वाचनाची आहे त्याने गणित सोडायचं काही कारण नाही. लेखनिक हवा असेल तर नववीपासून सराव द्यावा. उत्तर मनात जुळवून दुसऱ्याला सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि ते परीक्षेच्या दिवशी येत नाही. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. मूल त्याच वर्षी तपासणीला पाठवलं असेल तर तारखा गाठताना सगळ्यांची दमछाक होते.

चौथीत काढलेला दाखला दहावीला चालेल असंही धरू नये. २०१८ च्या सूचनांनुसार १४ व्या आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी करावी लागते, १८ व्या वर्षीचा दाखला मग कायमचा असतो. चौदावं वर्ष बहुतेकांचं आठवी-नववीत येतं. आठवीच्या जूनमध्येच समितीने अशा मुलांची यादी काढावी, तारीख घ्यावी आणि नव्या पत्रासोबत मधल्या वर्षांत काय शिकवलं त्याची नोंदवही पाठवावी.