छोटा ट्रॅव्हल ट्रेलर, काही महिने वापरून: बेड नंतर बघा, आधी शेगडीवरचा पंखा बघा

मंडळी, ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. त्याचे ड्राय वेट, जीव्हीडब्ल्यूआर, टंग वेट हे सगळे वजनांचे आकडे तुम्ही व्हिडिओंत बघून पाठ केलेले असणार, ते परत उगाळत नाही. आम्ही डॅलसजवळ राहतो, दोघं आणि एक सात वर्षांची मुलगी, गाडी हायलँडर व्ही सिक्स, म्हणजे कागदावर ५००० पाउंड ओढते. ट्रेलर इंडियानाचा, स्लाइड-आउट (बाहेर सरकणारी भिंत) नाही, एका टोकाला क्वीन बेड, मध्ये शेगडी, समोर डिनेट (जेवायचं टेबल आणि बाकं), आणि शॉवर वेगळा. कंपनीचं नाव देत नाही. दुरुस्तीला दिलेला, डीलरकडून महिन्याभराने परत मिळालाय आणि मी अजून तापलेलोच आहे, तेवढं समजून वाचा.

बाकी सगळ्यावर लोक भरभरून लिहितात, शेगडीवरच्या पंख्यावर कोणी अक्षर लिहीत नाही. आमच्यातला पंखा हवा बाहेर टाकतच नाही, वरून ओढतो, एका जाळीतून गाळतो आणि परत आपल्याच तोंडावर सोडतो. अमेरिकन माणूस आत कॉफी आणि अंडी करतो, त्याला काय फरक पडतो. आमच्याकडे मोहरी तडतडली, दोन लाल मिरच्या पडल्या की स्मोक अलार्म बोंबलतो, पोरगी ठसकते, आणि एकदा तर कॅम्पग्राउंडवर शेजारच्या साइटवरचे आजोबा काळजीने विचारायला आले. बेड हाताच्या अंतरावर, म्हणजे रात्री उशीला हिंगाचा वास. गादीची कव्हरं किती वेळा धुणार? ज्या ट्रेलरांत पंख्याची हवा खरंच बाहेर जाते त्यांच्यातही बाहेरच्या झडपेला खटके असतात, ते बाहेर जाऊन उघडावे लागतात, तेव्हा डीलरला म्हणा पंखा चालू कर आणि झडप उघडून दाखव. मला तरी हाच पहिला प्रश्न वाटतो, बेडची लांबी नंतर.

इंडक्शन घ्या असं सगळे सांगतात. घेतली. ट्रेलरचं ३० अँपचं कनेक्शन म्हणजे १२० व्होल्टवर एकूण ३६०० वॉट, त्यात टेक्सासच्या उन्हाळ्यात एसी बंद करायची सोय नाही, तो दीड हजाराच्या आसपास खातो, इंडक्शन फुल केली की १८००, आणि त्यात कोणी वॉटर हीटर विजेवर टाकला की ब्रेकर पडलाच. शेवटी ऑनिंगखाली (ट्रेलरच्या बाहेरच्या कापडी छपराखाली) फोल्डिंग टेबल टाकून बाहेरच स्वयंपाक सुरू केला. बाहेर जो गॅसचा क्विक-कनेक्ट (नळी खटकन जोडायची जागा) असतो तो आधीच कमी प्रेशरचा असतो, त्यामुळे स्वतःचा रेग्युलेटर असलेली शेगडी त्याला लावली तर ज्योत मिणमिणती येते, लो-प्रेशरवर चालणारीच शेगडी घ्या. आमची त्यासाठीची शेगडी स्वस्तात मिळाली आणि त्यावर पिठलं फर्स्ट क्लास होतं.

आता मधेच एक मत बदललंय ते लिहितो. घेताना बायकोची एकच अट होती, वेट बाथ नको, म्हणजे कमोडवर बसून आंघोळ करायची तो प्रकार नको. म्हणून १७ फुटी कसीटा हा वेट बाथवाला छोटा फायबरग्लासचा ट्रेलर यादीतून काढला होता, आणि त्याचा कारखाना तर टेक्सासातच, डॅलसहून आय-४५ ने तासाभरावर, थेट तिथूनच विकतात, मधे डीलर नाही. आमचा ट्रेलर दुरुस्तीला पडला तेव्हा एका मित्राने त्याचा कसीटा वीकेंडला दिला. आंघोळ करून बाहेर येऊन बायकोच म्हणाली, अरे आपल्या गिरगावच्या घरात दुसरं काय होतं, वायपर मारला की झालं! खरंय की. अमेरिकन लोक वेट बाथच्या नावाने रडतात म्हणून आपणही रडायचं? आमच्या वेगळ्या शॉवरने जी जागा खाल्ली तीच जागा ओट्याला मिळाली असती. पण कसीटात रोज रात्री टेबल मोडून बेड करायचा, सकाळी परत टेबल, याला तिसऱ्या दिवशी मी कंटाळलो असतो. दोघंच असाल तर एक टेबल कायम बेडच ठेवता येतं, मग प्रश्न मिटला.

डीलरचं प्रकरण थोडक्यात. पहिल्या मोठ्या पावसात खिडकीच्या कोपऱ्यातून पाणी आलं, गाद्या भिजल्या. वॉरंटी एक वर्षाची आहे म्हणून नेला तर म्हणे सीलंट (फटी बुजवायचा लेप) हा मालकाचा मेंटेनन्स. फ्रिजचं बोला तर म्हणे फ्रिज कंपनीला फोन करा, हीटरचं हीटरवाल्याला. महिनाभर तसाच यार्डात उभा, आणि परत दिला तेव्हा कोपरा तसाच ओला. शेवटी मीच जुनं सीलंट खरवडून नवं भरलं. थोड्याच डॉलरचं काम, त्यासाठी महिना घालवला, राग येणार नाही तर काय. फायबरग्लासचे जे आहेत, कसीटा, मिनेसोटाचा स्कँप, त्यांचं कवच दोन अर्ध्या भागांचं असल्याने छताला सांधे नसतात, तरी खिडक्या आणि व्हेंट तिथेही तपासावेच लागतात.

गाडीबद्दल एकच. ५००० च्या आकड्यावर जाऊ नका, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पेलोडचं, म्हणजे गाडीवर एकूण किती वजन टाकता येतं त्याचं, स्टिकर वाचा. भरलेला ट्रेलर ४००० पाउंडाचा धरला तर त्यातले ४०० ते ६०० गाडीच्या मागच्या बाजूवर येतात, त्यात आपण तिघं, कूलर आणि बायकोची डाळ-तांदळाची पोती. पाण्याची टाकी साइटवर जाऊनच भरा, ३० गॅलन म्हणजे अडीचशे पाउंड उगाच ओढायचे.

विकणार नाही, विकायला गेलो तर तोटाच आहे. आता छताचा व्हेंट (हवेचं झाकण) काढून मोठा पंखा बसवायचा विचार आहे, भोक १४ बाय १४ इंचाचं आहे, स्टँडर्ड, आणि तो शेगडीच्या अगदी जवळच आहे. पण त्याने फोडणीचा धूर खरंच वर ओढला जातो का, की बेडवरून फिरून जातो? कोणी बसवला असेल आणि आत पुरणपोळी-भजी केली असतील तर खरं खरं सांगा, पंख्याचे पैसे त्यावरच ठरवीन.