‘ट्री ऑफ साटा’ घ्यावा की ‘फिशरमन स्टाइल’?

जमैकातल्या रूट्स रेगे संगीताचा नाद लागला की कधी ना कधी एकाच रिडिमवर बांधलेल्या अल्बमशी गाठ पडते. रिडिम म्हणजे नुसता ठेका नव्हे. बेस, ड्रम, गिटार यांची अख्खी बांधणी. तबल्याखाली लहरा फिरतो तशी ती फिरत राहते आणि प्रत्येक गायक तिच्यावर आपले शब्द, आपली चाल घेऊन येतो. जमैकन निर्माता रूपी एडवर्ड्सने १९७४ सालीच ‘यामाहा स्कँक’ असा काढला होता. पण आज एकच घ्यायचा तर माझ्या लेखी निवड मँचेस्टरच्या ‘ब्लड अँड फायर’ लेबलच्या दोन संग्रहांत आहे: ‘ट्री ऑफ साटा’ आणि ‘फिशरमन स्टाइल’.

‘ट्री ऑफ साटा’चं मूळ म्हणजे ॲबिसिनियन्स या गायक-त्रयीचं ‘साटा मासागाना’. किंग्स्टनच्या स्टुडिओ वनमध्ये १९६९ साली ते रेकॉर्ड झालं, पण स्टुडिओचा मालक कॉक्सन डॉडने बाजारात आणलंच नाही. शेवटी या तिघांनी ९० पौंड मोजून टेप सोडवली आणि १९७१ मध्ये स्वतःच्या क्लिंच लेबलवर काढली. मग त्याच रिडिमवर त्यांनीच ‘माब्राक’ केलं, त्यात बायबलमधले उतारे वाचले. संगीतावर लयीत बोलणारा डीजे बिग यूथ त्यावर बोलला, टॉमी मॅकूकने सॅक्सोफोन वाजवला. या संग्रहात हे जुने अवतार आणि पुढच्या पिढीचे गायक शेजारी बसतात. रिडिम तोच, पण दर वेळी काळ बदलतो, आवाजाचा पोत बदलतो, म्हणून कान थकत नाही.

‘फिशरमन स्टाइल’ (२००६) वेगळ्या जातीचा आहे. निर्माता ली पेरीने ब्लॅक आर्क या आपल्या घरामागच्या स्टुडिओत काँगोज या गायक-गटासाठी केलेलं ‘फिशरमन’ हे त्याचं बीज, १९७७ च्या ‘हार्ट ऑफ द काँगोज’मधलं पहिलं गाणं. कोळी वल्ही मारतोय आणि किनाऱ्यावर भुकेली पोरं वाट बघताहेत. पेरीकडे चारच ट्रॅकचं रेकॉर्डिंग यंत्र होतं. एकावर एक थर चढवताना आवाजाला जी ओलसर धूसरता आली, ती हेडफोन लावला की अंगाला लागते. हॉरेस अँडी, ग्रेगरी आयझॅक्स अशी मंडळी त्या जुन्या टेपवर नव्याने गातात. मात्र दोन सीडीभर तीच टेप! मला ती रात्री उशिरा तासभर ऐकवते, पण सलग दोन्ही सीडी नाही.

रिडिम ही गोष्टच नवी असेल तर बिनधास्त ‘साटा’ घ्या. एक धून पिढ्या ओलांडून कशी जाते ते त्यात कळतं. गाण्यापेक्षा आवाजात बुडून जायला आवडत असेल तर ‘फिशरमन’. फक्त काँगोजचा तो मूळ अल्बम अजून ऐकला नसेल, तर आधी तो ऐका. काँगोजचा गायक सेड्रिक मायटनचा तो उंच, पातळ स्वर कानात बसला नसेल, तर बाकीचे कशाला उत्तर देताहेत ते उमगणार नाही.