जुन्या लॅपटॉपवर मिंट, घरात फायबर: नागपूरपुरता रिव्ह्यू

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) विचारायला गेलं की दोन सल्ले मिळतात: नवीन घ्या, नाहीतर जुगाड करून अकरा टाकून घ्या. तिसरा रस्ता लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचा. निकाल आधीच सांगून टाकतो. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर मिंट या मशीनवर उत्तम चालतं. नागपुरात घरगुती फायबरही आता बऱ्यापैकी मिळतं. घोळ होतो तो दोघांच्या मधल्या दहा फुटांत. नेट हळू चाललं की कंपनीचा पोरगा लिनक्सला बोल लावतो, लिनक्सवाला कंपनीला, आणि खरा गुन्हेगार वायफाय कार्ड, लॅनची वायर नाहीतर फायबरचं घाईत लावलेलं टोक असतो.

आधी मिंट. २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. कागदावर २ जीबी रॅम पुरते म्हणतात, पण तेवढ्यात ब्राउझरचे चार टॅब उघडले की मशीन बसते. ४ जीबी असेल तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, ८ असेल तर सिनॅमन ही मुख्य आवृत्ती. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर बाकी काही करण्याआधी साटा एसएसडी टाका. तो खर्च टाळून लिनक्स हळू आहे म्हणण्यात अर्थ नाही. मिंट बसवायची आयएसओ फाईल साधारण ३ जीबीची, पेन ड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो. उतरवलेल्या फाईलचा शा-२५६ आकडा (फाईलचा ठसा) साइटवरच्या आकड्याशी ताडून पहा. अर्धवट उतरलेली फाईल इन्स्टॉलमध्ये मधेच दगा देते आणि माणूस उगाच रॅमवर संशय घेतो.

विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर तीन कामं विंडोजमधूनच उरकायची. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि लिनक्समधून डी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. तिसरं, इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) स्टोरेज इंटेल आरएसटी किंवा रेड या मोडवर असतं. ते एएचसीआयवर आणावं लागतं. हा बदल थेट केला तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकतं. म्हणून आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग बायोसमध्ये बदल, आणि एकदा सेफ मोडमध्ये उघडलं की पुन्हा नेहमीच्या मोडवर. दोन्ही सिस्टिम ठेवल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे-पुढे होतं, कारण विंडोज बोर्डवरची वेळ स्थानिक समजतं आणि लिनक्स जागतिक. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) timedatectl set-local-rtc 1 लिहिलं की भांडण मिटतं.

इन्स्टॉलचं बटण दाबण्याआधी पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालवून पहा. आवाज, टचपॅड, कॅमेरा, झाकण लावून उघडणं, आणि मुख्य म्हणजे वायफाय.

वायफायवर थोडं थांबायला हवं. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय (lspci) लिहिलं की कार्डाचं नाव कळतं. इंटेल असेल तर काळजीच नाही. ब्रॉडकॉम बीसीएम ४३१४२ असेल तर पहिल्यांदा वायफाय दिसणारच नाही. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, मिंट त्याला साध्या लॅनसारखं ओळखतं, मग ड्रायव्हर मॅनेजरमधून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर घ्या. बायोसमधलं सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर मॅनेजर पासवर्ड ठेवायला सांगेल आणि रीस्टार्टला एक निळा पडदा येईल. तिथे घाईत पुढे न जाता एनरोल (Enroll MOK) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा हुकला की ड्रायव्हर असून नसल्यासारखा.

रिअलटेकची गोष्ट वेगळी. आरटीएल ८८२१ सीईला मिंट २२ चं कर्नल (सिस्टिमचा गाभा) आपोआप ओळखतं, वेगही बरा मिळतो. पण आरटीएल ८७२३ बीई असलेल्या काही एचपी लॅपटॉपमध्ये राउटरच्या शेजारी बसूनही एकच दांडी दिसते. या मशीनमध्ये अँटेना एकच असते आणि ड्रायव्हर नेमकं रिकामं टोक धरून बसतो. मॉडप्रोब-डी (/etc/modprobe.d) फोल्डरमध्ये एक फाईल करून या ड्रायव्हरला अँट-सेल (ant_sel) हा पर्याय २ द्यायचा, नाही जमलं तर १. रीस्टार्टनंतर दांड्या भरतात. दुसरा आजार वीज वाचवण्याचा. बॅटरीवर वायफाय डुलक्या घेतं, व्हिडिओ कॉल अडखळतो. नेटवर्क मॅनेजरच्या कॉन्फ-डी (conf.d) फोल्डरमध्ये वायफाय-पॉवरसेव्ह नावाची फाईल असते. तिच्यातला ३ चा २ केला की झोप उडते. बॅटरीचं नुकसान किरकोळ.

८७२३ मालिकेची कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तीही एका अँटेनावर. २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर अशा कार्डाचा कागदावरचा कमाल वेग ७२ एमबीपीएस, हातात येतो त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे २०० चा प्लॅन घेऊनही स्पीड टेस्ट चाळिशीवर थांबणार, आणि त्यात ना कंपनीचा दोष, ना मिंटचा. सहाव्या पिढीपासूनच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एम-डॉट-टू चौकटीचं कार्ड असतं. तिथे इंटेलचं ८२६५ किंवा एएक्स २१० बसतं. एएक्स २०१ मात्र आणू नका. ते खाचेत बसतं पण जुन्या प्रोसेसरशी बोलत नाही. काही जुन्या एचपी आणि लेनोवोचा बायोस ठरावीक कार्डांखेरीज दुसरं घेतच नाही, म्हणून दुकानदाराकडून परतीची बोली करूनच कार्ड घ्यावं.

आता फायबर. नागपुरात जिओ, एअरटेल, बीएसएनएल आणि गल्लीतला केबलवाला यांच्यात निवड करायची ती कंपनीच्या नावावर नाही, तर तुमच्या वस्तीत लाईन दुरुस्त करायला कोण आणि किती वेळात येतो यावर. महाल-इतवारीच्या बोळांत वायरी गच्चीवरून गच्चीवर जातात. मनीषनगर-बेसाकडच्या नव्या स्कीममध्ये कधीकधी बिल्डरने एकाच कंपनीला आत घेतलेलं असतं. सिमेंट रोडचं नाहीतर पाण्याच्या लाईनचं खोदकाम निघालं की जमिनीतली फायबर तुटते, मग पाटी कुणाचीही असो. त्याच मजल्यावरच्या दोन शेजाऱ्यांना विचारा: मागच्या पावसाळ्यात लाईन गेली तेव्हा कोण आलं? जाहिरातीपेक्षा हे उत्तर खरं.

पाटीवरच्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला नसतो. ३९९ चे ४७१ होतात, ६९९ चे ८२५. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले की बऱ्याचदा इन्स्टॉलेशन माफ होतं, पण वस्ती नवीन असेल तर पहिला महिना सुटा घ्या.

जोडणीच्या दिवशी कंपनीच्या पोराकडून हमखास ऐकू येणारं वाक्य: "सर, लिनक्सवर नाही होत न हे, विंडोज लागते." त्याचं ऐकू नका, वादही घालू नका. फायबर संपते ओएनटीत, म्हणजे कंपनी घरात लावते त्या डब्यात. जिओच्या ओएनटीत लॉगिन टाकायचं नसतं. बीएसएनएल आणि बऱ्याच केबलवाल्यांकडे पीपीपीओईचा (लॉगिन करून जोडायच्या पद्धतीचा) युजर आयडी आणि पासवर्ड असतो, तो राउटरमध्ये भरायचा. राउटरचं पान फायरफॉक्समध्ये उघडतं, पत्ता बहुधा १९२.१६८.१.१. लॅपटॉपवर कुठली सिस्टिम आहे याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. राउटर नसेल आणि वायर थेट लॅपटॉपला आली असेल तरी मिंटच्या नेटवर्क कनेक्शन्समध्ये डीएसएल हा प्रकार निवडून तोच आयडी भरता येतो. आयडी-पासवर्ड लिहून घेतल्याशिवाय पोराला जाऊ देऊ नका. काही केबलवाले पहिल्या जोडलेल्या मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) बांधून ठेवतात. नंतर राउटर बदलला की नेट बंद. तेव्हा नव्या राउटरमध्ये जुना मॅक क्लोन करायचा किंवा त्यांना फोन करून गाठ सोडवून घ्यायची.

पीपीपीओईवर एक चमत्कारिक तक्रार येते: काही साइट झटकन उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात. पीपीपीओई आपले ८ बाइट खातं, म्हणून १५०० चा पॅकेट १४९२ ला बसवावा लागतो. राउटरमध्ये एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४९२ करा, लटकणं थांबतं.

तो निघायच्या आत ओएनटीच्या पानावर ऑप्टिकल आरएक्स पॉवर (डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) किती आहे ते पहा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर निश्चिंत. आकडा उणे २५ च्याही खाली, उणे २६ कडे गेला तर तिथेच बोलायचं, कारण उणे २७ च्या आसपास ओएनटीची ऐकायची हद्द संपते आणि लाल एलओएस (सिग्नल गेल्याचा) दिवा लुकलुकतो. हा हिशेब कुठून येतो? एक-आठचा स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश आठांत वाटणारी डबी) साधारण १० डीबी खातो, असे दोन लागोपाठ असले की २०, शिवाय किलोमीटरमागे पाव ते अर्धा डीबी. उरलेली शिल्लक घरातल्या टोकावर उधळली जाते. मशीनने वितळवून जोडलेला सांधा जेमतेम ०.१ डीबी खातो. हाताने दाबून बसवलेला फास्ट कनेक्टर त्याच्या कित्येक पट, आणि धूळ बसली की आणखी. हिरवं टोक हिरव्यातच जातं. निळ्या खाचेत ते बसतं खरं, पण प्रकाश वाया जातो. उरलेली वायर पेनाएवढ्या घट्ट वेटोळ्यात गुंडाळून टेप मारलेली दिसली तर सोडवून ताटलीएवढं वेटोळं करून घ्या. एवढ्यानेच दोन-तीन डीबी परत मिळतात, असं पुष्कळदा होतं.

ओएनटी कुठे लावायचा हा खास आपल्याकडचा प्रश्न आहे. वायर आत यायला सोपी जागा म्हणजे कूलरची खिडकी, आणि पोरगा तिथेच खिळे ठोकतो. मार्च ते जून तिथे ओलावा, आणि कूलरचा पत्र्याचा डबा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अडवतो. दोन मीटर वायर जास्त लागली तरी चालेल, ओएनटी आतल्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर घ्या. मीटरच्या बंद पेटीत तर मुळीच नको. मे महिन्याच्या ४५ अंशांत तो तापून रीस्टार्ट होत राहतो. लॅपटॉपलाही हेच लागू. पंखा कितीही ओरडला तरी तापमान शंभरीला टेकलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. टर्मिनलमध्ये सेन्सर्स (sensors) लिहून आकडा पहा. पाच-सहा वर्षांच्या मशीनमधली धूळ काढून थर्मल पेस्ट बदलली की फरक लगेच दिसतो.

जमेल तिथे लॅन वायर लावा. वेग बरोबर ९४ एमबीपीएसवर अडला असेल तर समजायचं की गिगाबिट जोडणी झालेलीच नाही. एकतर ओएनटीचा पोर्टच १०० चा आहे, नाहीतर वायरच्या आठपैकी चारच तारा कनेक्टरमध्ये बसवल्यात. मिंटच्या नेटवर्क सेटिंगमध्ये वायर्ड जोडणीखाली वेग दिसतो. १००० दिसत नसेल तर आधी वायर बदलून पहा.

वीज गेल्यावर काय? ओएनटी बहुधा १२ व्होल्टवर चालतो, खातो दहा वॅटच्या आसपास. २९ वॅट-अवरचा छोटा डीसी यूपीएस त्याला अडीच तासांच्या आसपास नेतो. घेताना अ‍ॅडाप्टरवरचे अँपिअर आणि पिनचा आकार जुळवा. फायबरच्या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे वस्तीत अंधार असूनही नेट चालू राहू शकतं. केबलवाल्याने घरापर्यंत लॅन वायर आणली असेल तर गोष्ट निराळी: त्याचा स्विच कुणाच्या तरी जिन्यात असतो, तिथली वीज गेली की तुमचा यूपीएस शोभेचा. शिवाय गच्चीवरून आलेली तांब्याची वायर जूनच्या गडगडाटात झटका घरात आणते, पोर्ट जळतात. काचेची फायबर तो झटका वाहून आणत नाही, फक्त तिच्यासोबतची लोखंडी तार घराबाहेरच कापलेली असावी.

बाहेरून घरातल्या मशीनवर किंवा कॅमेऱ्यावर लॉगिन करायचं असेल तर राउटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता पहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुमचा आयपीव्ही-४ पत्ता शेकडो घरांशी वाटलेला आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी उपयोग नाही. आयपीव्ही-६ वापरा किंवा टेलस्केलसारखं व्हीपीएन टाका.

मराठी टायपिंगसाठी वेगळं काही उतरवावं लागत नाही. कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट लेआउट आहे, आणि इंग्रजी उच्चाराने लिहायची सवय असेल तर कागप फोनेटिक.

टॅलीवर पोट असणाऱ्यांनी, डीएससी (डिजिटल सहीचं) टोकन लावून टेंडर भरणाऱ्यांनी विंडोज ठेवावं. मिंटवर ओढाताण करून काही चालेल, पण शेवटच्या तारखेला रात्री नको तो ताप. ओटीटीवाल्यांनीही जाणून असावं: लिनक्सच्या ब्राउझरमध्ये वाइडवाइनची (व्हिडिओच्या कॉपी-संरक्षणाची) खालची पातळीच मिळते, म्हणून काही ठिकाणी चित्र पूर्ण एचडी येत नाही. आणि प्रिंटर. एचपीचा लेझरजेट १०२० चालतो, पण त्याला एचपीएलआयपी (एचपीचं लिनक्ससाठीचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर) चं प्लगइन हवं, कारण तो दर वेळी चालू होताना फर्मवेअर संगणकाकडून मागतो. कॅननचा एलबीपी २९००, जो आपल्याकडे दर दुसऱ्या झेरॉक्सच्या दुकानात दिसतो, त्याचा ड्रायव्हर मिंटसोबत येत नाही आणि बसवणं किचकट आहे. नवा प्रिंटर घेणार असाल तर डब्यावर एअरप्रिंट लिहिलेलं बघून घ्या, तो मिंटला ड्रायव्हरशिवाय सापडतो.