भोवरे शोधायला अल्टिमीटर घ्यावा की ओशन कलर?

अरबी समुद्रातले भोवरे समुद्रबूड जमिनीवरचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ तळावरचं, पाणी खोल समुद्रात कसं ओढून नेतात, यावर प्रबंध करायचा म्हटलं की हा प्रश्न पडतोच. जहाज काही मिळत नाही. उपग्रहाच्या फुकट डेटावर भागवायचं. मी दोन्ही वापरलंय: समुद्राची पातळी रडारने मोजणारा अल्टिमीटर आणि पाण्याचा रंग टिपणारं ओशन कलर.

अल्टिमीटरचा मोठेपणा मान्य. रडारला ढग अडवत नाहीत, त्यामुळे जून ते सप्टेंबर हातचे जात नाहीत. भोवऱ्याच्या मध्यावर समुद्राची पातळी १०-२० सेंटिमीटर फुगलेली किंवा खचलेली असते. त्या उतारावरून प्रवाहाचा वेग निघतो. ओशन कलरमधून तो असा थेट मिळत नाही.

मग माझं अडलं कुठे? मुंबईच्या पश्चिमेला, समुद्रबूड जमीन संपते त्या कडेवर, जुन्या नोंदींत एक देखणा भोवरा सापडला. किती पाणी बाहेर गेलं याचं गणित मांडण्यात तीन आठवडे घालवले आणि मग उपग्रहांचे मूळ मार्ग काढून बघितले. त्या आठवड्यात भोवऱ्यावरून एकही मार्ग गेला नव्हता! ती जागा आजूबाजूच्या आणि आधीनंतरच्या मोजमापांवरून भरलेली. नकाशा मात्र रोजच्यासारखा गुळगुळीत. कुठे किती चूक असू शकते याचा अंदाज त्याच फाइलीत असतो म्हणा, पण तो उघडतो कोण? मी तरी उघडला नव्हता.

ओशन कलरमध्ये ढग आला की जागा कोरी. वैताग येतो, फसगत होत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तर अरबी समुद्रात नॉक्टिल्युका हा हिरवा सूक्ष्म जीव माजतो, तेव्हा हिरवे पट्टे भोवऱ्यांभोवती गुंडाळलेले स्वच्छ दिसतात. शेजारचे दोन भोवरे उलटसुलट फिरत असले की मधल्या फटीतून किनाऱ्याकडच्या पाण्याची जीभ खोल समुद्रात जाते. ती १०-२० किलोमीटर रुंद असली, तर मी वापरलेल्या अल्टिमीटर नकाशाच्या पाव अंशाच्या (सुमारे २५ किलोमीटरच्या) चौकटीत हरवते; ओशनसॅट-२ या भारतीय उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका ३६० मीटरचा. खंबायतच्या आखाताकडे गाळामुळे रंगावरून काढलेले क्लोरोफिलचे आकडे बिघडतात खरे, पण मला पाण्याची वाट हवी होती आणि गाळ म्हणजे तर आयता रंग.

पावसाळ्याचाच अभ्यास असेल तर अल्टिमीटरला पर्याय नाही. स्वॉट हा रुंद पट्टा मोजणारा नवा अल्टिमीटर उपग्रह आल्यापासून बारीक भोवरेही दिसू लागलेत, पण त्याच मार्गावर परत यायला त्याला २१ दिवस लागतात. हिवाळ्यावर भागत असेल तर, मला विचाराल तर, आधी रंग बघा. वेग लागेल तेव्हा अल्टिमीटर आहेच, फक्त मार्ग आधी तपासा.