चावीचा टायमर: चार महिने अडलेली कथा आणि माझा दीड महिन्याचा अनुभव

रेटिंग: ५ पैकी ४

हा टायमर मी लिहिण्यासाठी घेतला, किचनसाठी नाही, तेव्हा त्याच हिशोबाने वाचा. एकदम साधा आहे, गोल डायल, हाताने फिरवायचा, जास्तीत जास्त ६० मिनिटं, बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही, मागे लोहचुंबक. दीड महिना जवळजवळ रोज वापरलाय.

आधी थोडं मागचं सांगते. एक कथा लिहीत होते, नऊ पानं भराभर झाली आणि दहाव्यावर जी अडली ती चार महिने अडलीच. रोज फाइल उघडायची, पहिल्या पानापासून वाचत यायचं, पहिल्या परिच्छेदातली वाक्यं वरखाली करायची, आणि दहावं पान आलं की काहीतरी दुसरं काम आठवायचं. सगळे सांगायचे की जबरदस्ती करू नकोस, सुचेल तेव्हा लिही. मी पण तेच धरून बसले होते, आणि मला आता मनापासून वाटतं की या सल्ल्यानेच माझे चार महिने गेले. रॉबर्ट बॉइस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात प्राध्यापकांवर एक प्रयोग केला होता. काही जणांना सांगितलं लिहूच नका, काहींना सांगितलं मन होईल तेव्हाच लिहा, आणि काहींना रोज ठरल्याप्रमाणे लिहायला भागच पाडलं. तर ज्यांना भाग पाडलं त्यांची पानं जास्त झाली यात नवल नाही, पण नवीन कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या! म्हणजे सुचलं की लिहायचं असं नसून लिहायला लागलं की सुचतं, हे वाचून मी टायमर घ्यायचं ठरवलं.

आता वस्तूबद्दल. फोनमध्ये टायमर असताना वेगळा कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. पण फोन हातात घेतला की तो टायमर लावण्यापुरता हातात राहत नाही, मेसेज दिसतो, मग त्याला उत्तर, मग अर्धा तास कुठे गेला कळत नाही. हा चावीचा टायमर दुसरं काहीच करत नाही. डायल फिरवताना स्प्रिंगचा जो ताण बोटांना लागतो ना, ती माझ्यासाठी सुरुवात झालीय, आता पहिलं वाक्य सुचायची वाट बघायची गरज राहत नाही, डायल फिरली म्हणजे बसायचं आणि हात चालवायचा.

सगळे २५ मिनिटं लावा म्हणून सांगतात. ती पद्धत फ्रान्चेस्को चिरिलोची, १९८० च्या दशकाच्या शेवटी कॉलेजात शिकत असताना त्याने टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर वापरून सुरू केलेली, इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात म्हणून तिचं नावही पोमोदोरोच. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. पण तुमचं लिखाण खरंच अडलेलं असेल तर पहिल्याच दिवशी २५ लावू नका. मी लावले आणि बाराव्या मिनिटाला उठले, आणि उठल्याचं वाईट वाटलं ते वेगळंच. चिरिलोने स्वतःसुद्धा सुरुवात दहा मिनिटांच्या पैजेने केली होती, नीट मन लावून फक्त दहा मिनिटं अभ्यास जमतो का बघू म्हणून. मी पण दहावर आले आणि तिथून गाडी हलली.

दहा मिनिटांसाठी नियम एकच ठेवला, खोडायचं नाही. चुकीचा शब्द आला तरी पुढे, वाक्य लंगडं झालं तरी पुढे, काहीच सुचलं नाही तर "काही सुचत नाहीये कारण" असं लिहायचं आणि ते कारण लिहायचं. लिखाण असं अडण्याला रायटर्स ब्लॉक म्हणतात, पण माझ्या मते ब्लॉक म्हणजे विचार संपणं नव्हेच, लिहिणारी आणि तपासणारी अशा दोघी एकाच वेळी टेबलावर बसतात म्हणून काम थांबतं. तपासणारीला हाकलता येत नाही हो, पण तिला सांगता येतं की घंटा वाजेपर्यंत थांब, नंतर तुझीच पाळी आहे. आणि खरंच ती थांबते, कारण समोर डायल सरकताना दिसत असते. वेळ मोकळी असली की ती ऐकत नाही.

तिसऱ्या दिवशी मी कथा सोडून कथेतल्या भावाला पत्र लिहिलं, तू त्या रात्री घरी परत का आला नाहीस म्हणून. दहा मिनिटांत दीड पान झालं आणि त्यात लक्षात आलं की मी कथा बहिणीच्या बाजूने सांगतेय आणि महत्त्वाचं जे काही घडतं तिथे ती हजरच नाही! चार महिने मी दहाव्या पानाला दोष देत होते आणि चूक चौथ्या पानावर होती. हे टायमरने शोधलं असं मी म्हणणार नाही, पण मूडची वाट बघत बसले असते तर ते पत्र लिहिलंच गेलं नसतं.

घंटेबद्दल वेगळं लिहायलाच हवं. याची घंटा खणखणीत आहे, पहिल्यांदा दचकायला होतं, आणि ती वाक्याच्या मध्येच वाजते. सुरुवातीला वाटायचं एवढं वाक्य पुरं करू, आता मुद्दाम करत नाही. अमेरिकन लेखक हेमिंग्वेचा सल्ला होता की पुढे काय होणार हे माहीत असतानाच थांबा, पार रिकामे होईपर्यंत लिहू नका. मला ते कधी जमलं नव्हतं, लय लागल्यावर कोण थांबतं? घंटा थांबवते. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाऐवजी अर्धं वाक्य समोर असतं आणि अर्धं वाक्य पुरं करायला कुठला मूड लागतो? ब्लुमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये मांडलं होतं की अर्धवट सोडलेली कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, आणि माझ्यापुरतं तरी तसंच होतंय, ते वाक्य दिवसभर डोक्यात फिरत राहतं.

सुट्टीच्या पाच मिनिटांत फोन बघू नका, चाला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं होतं की बसून राहण्यापेक्षा चालताना लोकांना नवीन कल्पना जास्त सुचतात. मी खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारते, संवाद तर बहुतेक तिथेच सुचतात.

याआधी एक ॲपही वापरून पाहिलं होतं, टायपिंग काही सेकंद थांबलं की लिहिलेलं सगळं पुसून टाकणारं. काहींना त्या भीतीने जमत असेल, मी मात्र पुसलं जाऊ नये म्हणून नुसतं काहीबाही टाइप करत राहिले, आणि एकदा चांगला पाऊण पान मजकूर गेला तो गेलाच. बोलून टाइप करणं त्यापेक्षा बरं, अडलेला संवाद मोठ्याने बोलला की मोकळा होतो, पण वर्णनाला मला उपयोग झाला नाही.

आता तक्रारी, ज्यासाठी एक स्टार कापलाय. टिकटिक मोठी आहे. मला ती आता चालते, उलट सोबत वाटते, पण घरात कोणी झोपलं असेल तर रात्री वापरता येणार नाही. अशांनी लाल चकती हळूहळू कमी होत जाते तो आवाज न करणारा प्रकार बघावा. दुसरं म्हणजे वेळ अगदी अचूक नाही, दहा मिनिटं लावली की कधी मिनिटभर इकडे तिकडे होतं, थेट दहावर फिरवलं तर कधी घंटा नीट वाजतही नाही. आधी डायल पार ५५ च्या पुढे न्यायची आणि मग मागे दहावर आणायची, म्हणजे स्प्रिंगला पुरेशी चावी बसते. हे बॉक्सवर कुठेही लिहिलेलं नव्हतं, लिहायला हवं होतं.

आणि एक, हा सगळ्यासाठी नाही. माहितीच कमी असेल, म्हणजे ज्या विषयावर लिहिताय तो अजून वाचलाच नसेल, तर टायमर लावून काही होणार नाही, आधी वाचा. आणि झोप होत नसेल, कशातच मन लागत नसेल, नुसतं लिहिणंच नाही तर उठणंही जड जात असेल, तर कृपया स्वतःला घंटेला जुंपू नका, डॉक्टरांशी बोला. तो ब्लॉक नसतो.

अपडेट: कथा चौदाव्या पानावर आहे, भावाच्या बाजूने, पहिली नऊ पानं परत लिहावी लागली. हल्ली २० मिनिटांच्या दोन फेऱ्या होतात, २५ अजून जमलेली नाहीत. टायमरखाली जाड कापडाची चौपदरी घडी ठेवली तर टिकटिक बरीच दबते, टेबलाच्या लाकडावर ती दुप्पट ऐकू येत होती.