जवळचे आजी-आजोबा की सुट्टीतले?

माझे एक आजी-आजोबा दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, दुसरे रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर. लांबच्यांकडे नुसते लाड, निघताना रडारड. त्यांची प्रत्येक भेट सुटी सुटी आठवते. जवळच्यांचं तसं नाही. शाळेतून येताना दप्तर त्यांच्या दारात टाकायचं, आजी हाक मारायची, आजोबा चष्मा शोधायला लावायचे (तो कपाळावरच असायचा!). हे शेकडो वेळा घडलं, पण त्यातला एकही दिवस वेगळा काढून दाखवता येत नाही.

स्मरणशक्तीची रीतच अशी. रोजचं तेच ते एकमेकांत मिसळून त्याचा एक साचा उरतो, वेगळं घडलेलं मात्र ठळक राहतं. त्यात वयाच्या ३ वर्षांआधीचं तर बहुतेकांना आठवतच नाही. मोजायला बसलं तर लांबचे जिंकतील.

तरी झुकतं माप मी जवळच्यांनाच देईन. ते रागावलेही, आणि तापात रात्रभर उशाशीही बसले. लांबच्या आजोबांच्या हातात एका सुट्टीत एकदम काठी दिसली, मी दचकलो. जवळच्या आजोबांची काठी नक्की कधी आली, मला सांगता येणार नाही.